पाडवा, सकाळी साडेआठ

खोली बघायला गेले तेव्हा आबांनी मला पगार विचारला नाही, आडनावही विचारलं नाही. हातात कुंचा, कोपरापर्यंत चुना लागलेला. माझ्याकडे वरून खाली एकदा बघून त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे पाहुणे किती येतात?"

मी तीन दिवस धुळ्यात खोली शोधत फिरत होते. मुलींच्या शाळेत नुकतीच नोकरी लागली होती आणि घर राहिलं जळगावला, पिंप्राळ्यात. बावीस वर्षांच्या एकट्या मुलीला खोली द्यायला घरमालक का कू करत. हा प्रश्न त्यातलाच असणार असं वाटून मी घाईनं म्हटलं, "कुणी नाही येत. वडील येतील महिन्यातून एकदा, तेही उभ्या उभ्या."

आबांचा चेहरा पडला. "कुणीच नाही? मैत्रिणी? मावश्या? आतेभाऊ?"

"नाही."

"मग कसं व्हायचं," असं स्वतःशीच पुटपुटत त्यांनी किल्ली काढून दिली.

देवपुरातली ती सगळी गल्ली त्यांना आबा म्हणायची, मीही म्हणू लागले. त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत, पण अक्कांना पाहिलेली माणसं गल्लीत फारशी नव्हती. घर तीन खोल्यांचं, वर माझी एक खोली, आणि पुढे घराच्या दुप्पट जागेत आबांची बाग. झेंडू, शेवंती, गुलाब, कुंपणालगत कर्दळ. वाफ्यांच्या कडेनं दगड लावलेले, एक चुन्यानं रंगवलेला, एक गेरूनं. फाटकाजवळच्या कडुनिंबालाही कमरेइतका पांढरा-तांबडा पट्टा. पहिल्याच दिवशी आबांनी मला बजावलं, "वाफ्यात पाय ठेवायचा नाही. फूल तोडायचं नाही. देवाला फुलं बाजारातून आणायची."

ही सगळी तयारी कशासाठी, ते मला गणपती गेल्यावर कळलं. दिवाळीतल्या पाडव्याला सकाळी आबांकडे फराळ असे. त्याची तयारी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होई. दाराशी एक पाटी टांगलेली होती, तिच्यावर आबा रोजचं काम लिहीत. "आज : खिडक्यांच्या जाळ्या. उद्या : चुनकळी भिजत घालणे." चुना पिंपात आठ दिवस मुरायला हवा, त्यात डिंक आणि चिमूटभर नीळ पडायला हवी, आणि भिंतीला तीन हात बसायला हवेत. रंगाऱ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "रंगारी भिंत रंगवतो," ते म्हणत, "भिंतीपुढं कोण बसणार आहे याचा विचार करत नाही."

झेंडूची त्यांची वेगळीच गणितं होती. दसऱ्याचा झेंडू वेगळा, पाडव्याचा वेगळा. बोटांची पेरं मोजत ते पेरणीचा दिवस ठरवत आणि त्या दिवशी ताप असला तरी बी टाकत. कळी लवकर फुगायला लागली तर तिच्यावर सकाळी फडकं धरून उभे राहत. एकदा मी हसले, तर म्हणाले, "हसा. पाडव्याला सुकलेलं फूल दिसलं की पाहुण्याला वाटतं, आपल्याला उशीर झाला."

पण त्यांची खरी तऱ्हा दसऱ्यानंतर सुरू व्हायची. घरातून निघून ते गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जात, तिथून वळून सावकाश परत येत, फाटक वाजवत आणि ओरडत, "आहे का कोणी घरात?"

पहिल्यांदा मला वाटलं, म्हाताऱ्याचं काही बिनसलं. मी जिन्यावरून वाकून पाहिलं.

"अहो, नुसतं बघताय काय? या म्हणा," आबा खालून दबक्या आवाजात म्हणाले.

"या," मी म्हटलं.

"या, या, असं दोनदा म्हणायचं असतं."

मग ते पाहुण्यासारखे आत येत, प्रत्येक खुर्चीत बसत आणि तिथून काय काय दिसतं ते बघत. एका खुर्चीतून कपाटामागचं जळमट दिसलं. दुसरीतून माझ्या खोलीबाहेरच्या दोरीवरचा परकर दिसला, तो मला ताबडतोब काढावा लागला. तिसरीतून स्वयंपाकघराचं दार दिसायचं, आणि त्या दाराकडे आबा बराच वेळ बघत बसत. ते दार नेहमी अर्धं लोटलेलं असे.

आबा रेल्वेत स्टेशन मास्तर होते. तापीकाठच्या लाइनीवरची लहान लहान स्टेशनं, जिथं दिवसाकाठी दोन पॅसेंजर थांबत आणि बाकीच्या गाड्या धूळ उडवून निघून जात. मूलबाळ नव्हतं. दिवाळीत रजेचा विषय निघाला की आबा स्वतःच म्हणत, ज्यांना लेकरं आहेत त्यांनी घरी जावं. असं करत करत तीस वर्षांतल्या सगळ्या दिवाळ्या त्यांनी कामावर काढल्या. "गाड्या भरभरून जायच्या," त्यांनी मला एकदा सांगितलं. "खिडक्यांतून डबे दिसायचे, नव्या फ्रॉकातल्या पोरी दिसायच्या. सगळे कुणाच्या तरी घरी निघालेले. मी हिरवी झेंडी दाखवायचो. तेव्हाच ठरवलं होतं, निवृत्त झालो की माझ्याही घरी माणसं आली पाहिजेत."

माणसं येत. पण कशी येत, ते मी त्या पहिल्या पाडव्याला पाहिलं.

आमंत्रणं पोस्टकार्डावर गेली होती. शेजारच्या घरालासुद्धा पोस्टानंच. "आपण सकाळी साडेआठ वाजता सहकुटुंब यावे, ही विनंती." साडेआठला अठरा माणसं फाटकाशी जमली. आबांनी इस्त्रीचा काळा कोट चढवला होता. त्यांनी सगळ्यांना एका रांगेत बागेतून फिरवलं, प्रत्येक झाडाचं वय सांगितलं, मग ठरलेल्या खुर्च्यांवर बसवलं. पोरं आयांच्या पदराला धरून होती, कारण दोन्हीकडं वाफे होते आणि वाफ्यात पाय ठेवायचा नव्हता. फराळ उत्तम होता. अनारशाला अशी जाळी पडलेली मी परत पाहिली नाही. पण सगळे हळू आवाजात बोलत होते, दवाखान्यात बसावं तसे. पाऊण तासात ताटल्या रिकाम्या झाल्या आणि लोक उठले.

जाता जाता एका बाईंनी विचारलं, "घरच्या बाई कुठं आहेत? अनारशाचं विचारायचं होतं."

"कामात आहे ती," आबा म्हणाले.

मी ताटल्या घेऊन आत गेले. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. मागचं दार उघडं होतं. अक्का मोरीच्या आडोशाला पाटावर बसल्या होत्या, पदर तोंडापर्यंत ओढलेला.

"गेले का सगळे?" त्यांनी विचारलं.

"गेले. तुमच्या अनारशांची चौकशी करत होते."

अक्का हसल्यासारख्या झाल्या. "मला जमत नाही गं. वीस-वीस दिवस दुसऱ्या बाईचं तोंड दिसायचं नाही त्या क्वार्टरमध्ये. तीस वर्षं तसंच गेलं. आता इतकी माणसं एकदम दिसली की छातीत धडधडतं. त्यांच्याशी काय बोलायचं असतं, तेच सुचत नाही."

"आबांना सांगितलंत?"

"त्यांना काय सांगायचं? दोन महिने राबतात बिचारे."

त्यानंतरच्या वर्षीही तसंच झालं. रांग, खुर्च्या, अनारसे, आणि अर्धं लोटलेलं दार.

मग बहात्तर साल आलं. पाऊस आज येईल, उद्या येईल, असं करता करता श्रावण कोरडा गेला. पांझरेच्या पात्रात नुसती वाळू. गल्लीतल्या विहिरी तळाला गेल्या, घरचे नळ बंद झाले आणि कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळाला दोन दिवसांआड पाणी येऊ लागलं. आबांनी बाग सोडली नाही. आम्ही तिघं आळीपाळीनं मोठ्या परातीत बसून आंघोळ करायचो आणि ते पाणी आबा तांब्यानं झाडांना घालायचे. आधी कर्दळ गेली. मग शेवंती. मग त्यांनी झेंडूतले निम्मे वाफे सोडून दिले आणि उरलेल्यांवर गोणपाटाची सावली केली. कोणत्या झाडाला पाणी द्यायचं नाही हे ठरवताना ते माझ्याकडं बघत नसत.

नळावर पाणी भरायलाही आबाच जात. पण तिथं त्यांनी आपली शिस्त आणली. खडूनं जमिनीवर आकडे लिहिले, घागरींना नंबर दिले, आणि एक बाई तीन नंबर सोडून पुढं आली तेव्हा तिची घागर उचलून मागं नेऊन ठेवली. ती होती द्वारकाबाई. मागच्या गल्लीत राहायची, शेळ्या पाळायची, आणि बोलायला लागली की सगळी गल्ली ऐकायची.

"आबा, हाई तुमनं टेसन नही शे!" ती कमरेवर हात ठेवून अहिराणीत ओरडली. "आठे गाडी नही येस, पानी येस!"

पन्नास बायका एकदम हसल्या. आबा रिकाम्या बादल्या घेऊन घरी आले, कोट काढून खुंटीला लावला आणि म्हणाले, "मी परत जाणार नाही."

मी शाळेत जाणारी. माझी वेळ आणि पाण्याची वेळ जमत नव्हती. दोन वेळा शेजारच्या किराणा दुकानदार मारवाड्यांच्या सुनेनं एक एक कळशी दिली. तिसऱ्या वेळी अक्का स्वतः उठल्या. पदर नीट घेतला, घागर उचलली आणि एक शब्द न बोलता फाटकाबाहेर पडल्या. आबा खिडकीतून बघत राहिले.

त्या दिवशी अक्का अर्धीच घागर घेऊन आल्या. रांगेत मागं मागं सरकत गेल्या होत्या. पुढच्या वेळी द्वारकाबाईनं त्यांचा दंड धरून त्यांना आपल्या पुढं उभं केलं. अक्कांनीच मला हे सांगितलं, तिच्या बोलीची नक्कल करत. "मला म्हणते, 'तू मुकी शे का व माय? बोल ना काही!' मी म्हटलं, काय बोलू? तर म्हणते, 'काही बी बोल. पानी येवाले अजून घंटाभर शे.'"

आणि अक्का बोलू लागल्या. पाणी भरायला लागणारा एक तास दोन तासांचा झाला. नळावरून येताना त्या घागरीबरोबर बातम्या आणू लागल्या : कुणाची सून बाळंत झाली, कुणाचा नवरा खडी फोडायच्या कामावर गेला, मारवाड्यांच्या सुनेला माहेरचं पत्र आलं. एकदा शाळेतून येताना मला नळावर कुणीतरी खळखळून हसताना ऐकू आलं. आवाज ओळखीचा वाटेना. जवळ गेले तर अक्का.

दिवाळी पंधरा दिवसांवर आली तरी आबांची पाटी कोरीच होती. चुनकळी आणली नव्हती, पोस्टकार्डं आणली नव्हती. झेंडूचे शेवटचे दोन वाफेही वाळले होते. एका सकाळी चहा पिताना त्यांनी जाहीर केलं, "यंदा पाडवा नाही करायचा. लोकांना दाखवायला आहे काय?"

अक्का चुलीपुढून म्हणाल्या, "मी सांगून आले."

"काय सांगून आलीस?"

"फराळाला या म्हणून. नळावरच्या बायकांना."

आबांनी कप खाली ठेवला. "किती बायकांना?"

"रांगेत होत्या तेवढ्यांना. आणि त्यांची पोरं. द्वारकाबाई म्हणाली, 'आम्ही बठ्ठ्या येसूत.'"

"द्वारकाबाई?" आबांचा आवाज चढला. "ती येणार माझ्या घरी? आणि एवढ्यांना बसवणार कुठं? खुर्च्या बाराच आहेत."

"बागेत."

"बागेत कुठं?"

"वाफ्यांत. सपाट केले की सगळ्या मावतील."

मला वाटलं, आता मोठं भांडण होणार. आबा उठून उभे राहिले. "तिथं कुणी पाय ठेवत नाही, तुला माहीत आहे."

"तिथं काही उगवलेलं नाही हो," अक्का म्हणाल्या. आवाज मऊ होता, पण त्या मागं हटल्या नाहीत. "मी उभ्या जन्मात कुणाला घरी बोलावलं नव्हतं. आता बोलावलंय. त्यांना नको येऊ म्हणून सांगायला मी जाणार नाही."

आबा दुपारी जेवले नाहीत. मी शाळेतून आले तेव्हा ते ओट्यावर पाठमोरे बसले होते, आणि मला त्यांच्याजवळून जिना चढायचीही भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळीच्या आवाजानं मी जागी झाले. आबा वाफे मोडत होते. वाळलेली झाडं मुळासकट उपटून एका बाजूला रचत होते. मी खाली गेले. त्यांचे डोळे लाल होते. "उन्हाचं," ते मी न विचारताच म्हणाले. मग, "नुसत्या उभ्या काय? ते दगड उचला. पोरांच्या पायाला लागतील."

आठ दिवस आम्ही तिघांनी ती जागा चोपून सपाट केली. सडा घालायला पाणी नव्हतं, म्हणून आबांनी गल्लीतल्या चार घरांतून सतरंज्या मागून आणल्या. मागायला ते स्वतः गेले. परत आले तेव्हा म्हणाले, "एका घरी चहा घ्या म्हणत होते. मी उभाच होतो." फराळही बेताचा होता, साखर-तेल मिळायची पंचाईत. अक्कांनी अनारसे केलेच नाहीत. शेव केली, चिवडा केला, थोड्या करंज्या केल्या, आणि सगळ्यांना सांगून ठेवलं, येताना आपापला पाण्याचा तांब्या आणा.

पाडव्याला कुणीही साडेआठला आलं नाही. कुणी साडेसातलाच आलं, कुणी दहाला. बायका काखेत पोर आणि हातात तांब्या घेऊन येत होत्या, आणि बहुतेकींनी पदराखाली काहीतरी झाकून आणलं होतं : लाह्या, भाजलेले शेंगदाणे, गुळाच्या पापड्या. मारवाड्यांच्या सुनेनं डबाभर मठऱ्या आणल्या. आबा कोट घालून फाटकाशी उभे होते. "इकडून, इकडून," असं ते दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत चार पोरं त्यांच्या पायांमधून आत पळाली, आणि आबांनी हात खाली घेतला.

शेवटी द्वारकाबाई आली. ती फाटकाशी थबकली. आबाही थबकले. मग आबा म्हणाले, "या, या."

"येस ना," ती म्हणाली. "तुम्ही बी बसा आते. कितला येळ उभा राहशात?"

अक्का मध्यभागी सतरंजीवर बसल्या होत्या, सगळ्यांच्या मध्ये, तोंडावर पदर नाही. वाढायचं काम बायकांनी आपापसांत वाटून घेतलं होतं. बोलता बोलता कुणीतरी विचारलं, "अक्का, तिकडं जंगलात दिवाळी कशी करायचात हो तुम्ही?"

अक्कांनी हातातली करंजी ताटलीत ठेवली. मग म्हणाल्या, "पणत्या लावायचे. चारच. क्वार्टरच्या कट्ट्यावर, रुळाकडं तोंड करून. कोण बघणार आहे असं वाटायचं, तरी लावायचे. एका वर्षी मेल गाडी चालली होती, थांबत नव्हतीच ती. आमच्या क्वार्टरसमोर आली आणि डायव्हरनं उगीचच शिट्टी दिली. लांबलचक. मला वाटलं, पणत्या बघून दिली. पुढच्या वर्षी मी वाट बघत बसले, तर परत दिली. मग दरवर्षी बसायचे. कुणी घरी येऊन गेल्यासारखं वाटायचं."

आबा ओट्याच्या कडेला बसले होते, त्यांच्या मांडीवर कुणाचं तरी पोर शेव खात होतं.

"मला कधी सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

"तुम्ही हिरवा कंदील घेऊन प्लॅटफॉर्मवर असायचात ना," अक्का म्हणाल्या.

आबांनी मान हलवली. तेवढ्यात मांडीवरच्या पोरानं त्यांच्या कोटाला हात पुसले आणि सगळ्या बायका हसायला लागल्या. आबाही हसले. मी त्या घरात दोन वर्षांहून जास्त राहिले होते, त्यांचे दात पहिल्यांदा पाहिले.

बायका निघायला दुपार झाली. जाताना द्वारकाबाई आबांना म्हणाली, "भाऊबीजले आमना घर या. अक्काले लिसन."

ती गेल्यावर आबा बराच वेळ फाटकाशी उभे होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, दरवर्षी ते माणसांना बोलावत होते, आणि त्यांना घरी फराळाला बोलावणारी ही पहिलीच बाई. कदाचित बाकीच्यांना वाटत असावं, एवढ्या टापटिपीच्या माणसाला आपल्या घरी कुठं बसवायचं.

"मी कोट घालू का उद्या?" त्यांनी अक्कांना विचारलं.

"नको. धुवायला पाणी कुठाय? सदरा घाला."

ते अक्कांना घेऊन गेले. दोन-अडीच तासांनी परत आले आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून त्यांनी मला सगळं सांगितलं. "एकच खाट आहे तिच्याकडं. तिच्यावर मला बसवलं आणि सगळे खाली बसले. मी म्हटलं, मी एकटा वर कशाला? मग मीही खाली बसलो. शेळीचं करडू येऊन मांडीत झोपलं." त्यांनी सदऱ्यावरचे केस झटकले. "भिंती सारवलेल्यासुद्धा नव्हत्या हो. आणि मला ते घरी आल्यावर आठवलं."

पुढच्या वर्षी पाऊस झाला. तोवर माझं लग्न ठरलं होतं आणि मी जळगावला परत गेले. आबांची पत्रं येत, पोस्टकार्डावर, रुळासारख्या सरळ ओळींची. बाग पुन्हा धरली आहे, पण कुंपणालगतच. मधली जागा बसायला मोकळी ठेवली आहे. आंब्याचं एक रोप लावलं आहे. हिला आता घरी गाठायचं म्हणजे कठीण झालं आहे.

तीन वर्षांनी पाडव्याला मी नवऱ्याला घेऊन धुळ्याला गेले. आबांच्या पाहुणचाराची इतकी वर्णनं मी केली होती की ह्यांनी वाटेत काही खाल्लं नव्हतं. फाटक उघडं होतं, दार उघडं होतं. मी हाका मारल्या. घरात कुणी नव्हतं.

शेजारच्या खिडकीतून मारवाड्यांची सून म्हणाली, "बाई, तुम्ही? अहो, दोघं फराळाला गेलेत. सकाळपासून हे तिसरं घर. बसा, येतीलच."

आम्ही बसलो. अर्धा तास झाला, कुणी येईना. ह्यांचा चेहरा बघून मी शेवटी स्वयंपाकघरात गेले, डबे शोधले आणि दोन ताटल्या भरल्या. त्या दिवशी आबांच्या घरी मीच आमचं स्वागत केलं.

आमचं खाणं संपत आलं तेव्हा गल्लीच्या टोकाला दोघं दिसली. अक्का पुढं, आबा त्यांच्या बरोबरीनं यायला धडपडत. अक्का हातवारे करत काहीतरी सांगत होत्या आणि आबा त्यांना मध्येच थांबवून, तसं नाही, असं झालं, म्हणून सांगत होते. फाटकातून आत आली तरी दोघांचं चालूच होतं, आणि दोघंही एकदम बोलत असल्यामुळे ओट्यावर कोण बसलंय हे त्यांनी बराच वेळ पाहिलंच नाही.